‘सगळे थ्रेडवर सोपवा’ : एका सोप्या उपायाचा प्रतिवाद

कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या, म्हणजे यंत्रसामग्री आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम यांच्यामध्ये उभ्या असलेल्या कर्नलविषयी एक मत बरीच वर्षे मांडले जात आहे, आणि अलीकडे त्याला सिद्धान्ताची प्रतिष्ठा मिळू लागली आहे. ते मत असे की, हाती आलेले काम लगेच न करता पुढे ढकलण्यासाठी कर्नलने ज्या नाना सोयी जमवून ठेवल्या आहेत, सॉफ्टआयआरक्यू, टास्कलेट, टायमर आणि वर्कक्यू, त्यांतील बहुतेक इतिहासाची अडगळ आहेत. काम पुढे ढकलायचेच असेल तर ते सरळ थ्रेडवर, म्हणजे स्वतःची पाळी येईल तेव्हा चालणाऱ्या आणि गरज पडल्यास मध्येच थांबून राहू शकणाऱ्या स्वतंत्र कार्यधाग्यावर सोपवावे, आणि कोणाला प्रोसेसर केव्हा द्यायचा याचा निवाडा एकट्या शेड्युलरने करावा. या मताचे आकर्षण उघड आहे, कारण त्यात एकच नियम, एकच निवाडा करणारा आणि एकच हिशेबवही आहे. मात्र लिनक्स कर्नलचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. ढकललेले काम केव्हा करायचे हा प्रश्न मुळात दुसऱ्या पायरीचा आहे. ते कोणत्या अवस्थेत करायचे, ते करताना कशाची मुभा नसेल आणि उशीर झाला तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत आणि त्यांची उत्तरे शेड्युलरजवळ नसतात.

वाद समजण्यासाठी यंत्रणा जवळून पाहणे आवश्यक आहे. गोंदिया जिल्ह्यातील देवरी या तालुक्याच्या गावी, मुंबई–कोलकाता महामार्गालगत, आदिवासी विकास महामंडळाला धान विकून परतलेला शेतकरी चुकारा खात्यात जमा झाला की नाही हे बँकेच्या अ‍ॅपवर पाहतो, तेव्हा त्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या यंत्रात, पुढील गोष्टी घडतात. नेटवर्ककडून आलेली पॅकेट फोनचा मोडेम स्मृतीतील एका ठरलेल्या वर्तुळाकार रांगेत ठेवतो आणि प्रोसेसरला इंटरप्ट देतो. प्रोसेसर चालू काम जागच्या जागी सोडून त्या इंटरप्टच्या हाताळणी-फलनाकडे वळतो. या क्षणी त्या कोअरवर अन्य इंटरप्ट बंद असतात आणि फलनाला झोपता येत नाही, म्हणजे एखादे कुलूप दुसऱ्याकडे असेल किंवा स्मृती मिळायला वेळ लागणार असेल तर वाट पाहत थांबता येत नाही. म्हणून ते फलन अगदी थोडके काम करते: मोडेमचे पुढील इंटरप्ट तात्पुरते बंद करते, ‘येथे काम शिल्लक आहे’ अशी खूण करते आणि बाहेर पडते. पॅकेटे उचलणे, त्यांचे शीर्षलेख तपासणे, ती कोणत्या सॉकेटची आहेत हे ओळखणे आणि अ‍ॅपला जागे करणे, हे खरे काम त्यानंतर सॉफ्टआयआरक्यू या अवस्थेत होते, जेथे इंटरप्ट पुन्हा चालू असतात, पण झोपण्याची मुभा मात्र अजूनही नसते.

धान खरेदी केंद्राच्या फाटकावरचा माणूस नाव लिहून क्रमांक देतो आणि लगेच पुढच्या गाडीकडे वळतो. काटा, बारदाना, गोदाम आणि चुकारा हे सगळे नंतर, वेगवेगळ्या हातांनी होते. इंटरप्टची विभागणी याच जातीची आहे, पण साम्य एवढ्यावरच थांबते. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लांबली तर ती रस्त्यावर उभी राहू शकते, मोडेमची रांग मात्र मोजक्या घरांची असते आणि ती भरली की पुढचे पॅकेट कोणालाही न विचारता टाकून दिले जाते. ‘नंतर’ हा शब्द येथे मिलिसेकंदांत मोजावा लागतो.

पहिला आक्षेप या विभागणीवरच घेतला जातो: प्रोसेसर आता इतके वेगवान झाले आहेत की सगळे काम इंटरप्टमध्येच उरकून टाकावे, पुढे ढकलण्याची भानगडच नको. या आक्षेपाला 1996 मध्येच उत्तर मिळाले आहे. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले की, इंटरप्टवर चालणाऱ्या कर्नलकडे पॅकेटांचा ओघ क्षमतेपलीकडे वाढला की यंत्र पॅकेटे स्वीकारण्यातच सगळा वेळ घालवते, त्यांचे पुढे काही करायला वेळ उरत नाही आणि प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या पॅकेटांची संख्या शून्याकडे घसरते. वेगवान प्रोसेसरने ही कड थोडी दूर सरकते एवढेच, कारण नेटवर्कचा वेगही तेवढाच वाढलेला असतो. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह यांनी 2001 मध्ये मांडलेली नापी ही पद्धत याच निदानावर उभी आहे: ओघ वाढला की इंटरप्ट बंद ठेवायचे आणि कर्नलने आपल्या सवडीने रांगेकडे जाऊन ठराविक संख्येनेच, सामान्यतः एका खेपेस 64, पॅकेटे उचलायची. हा आक्षेप आज गंभीरपणे फारसा कोणी घेत नाही, म्हणून तो येथेच सोडता येतो.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्यातील खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. सॉफ्टआयआरक्यू चालते ते बहुधा इंटरप्टमधून परतताना, म्हणजे त्या क्षणी प्रोसेसरवर जो कोणी होता त्याच्या वेळात. चित्रफीत दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या वाट्याचा वेळ दुसऱ्याच प्रोग्रामच्या पॅकेटांवर खर्च होतो आणि हिशेबात तो चुकीच्या नावावर चढू शकतो. शेड्युलरने प्राधान्याची कितीही काळजी घेतली तरी हे काम त्याच्या नजरेबाहेरून येऊन बसते. कर्नलने यावर मर्यादा घातल्या आहेत: नवे काम येतच राहिले तर सॉफ्टआयआरक्यूची फेरी जास्तीत जास्त 10 वेळा किंवा सुमारे 2 मिलिसेकंदांपर्यंत चालते आणि उरलेले काम प्रत्येक कोअरच्या केसॉफ्टआयआरक्यूडी नावाच्या थ्रेडकडे जाते, जो इतर सामान्य थ्रेडप्रमाणे आपली पाळी येण्याची वाट पाहतो. तरीही उधारी कोणाच्या नावे लिहायची हा प्रश्न पुरता सुटत नाही. टास्कलेट तर याहून दोषपूर्ण आहे. टास्कलेट म्हणजे सॉफ्टआयआरक्यूच्याच अवस्थेत चालणारे, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सोपे पडावे म्हणून दिलेले छोटे काम. एकच टास्कलेट एका वेळी दोन कोअरवर चालत नाही ही त्याची हमी, पण त्याचे फलन संपल्यावरही कर्नल त्याच्या नोंदीला एकदा हात लावतो, त्यामुळे फलनाने स्वतःच ती नोंद मोकळी करून टाकली असेल तर मोकळ्या झालेल्या स्मृतीत लिहिले जाते. इतक्या वर्षांच्या वापरातल्या सोयीत असा सापळा असावा हे भूषणावह नाही, आणि टास्कलेट जावेत असे म्हणणाऱ्यांशी येथे काहीही भांडण नाही.

भांडण आहे ते त्यावरच्या उपायाशी. 2007 मध्ये स्टीव्हन रोस्टेड यांनी सगळे टास्कलेट वर्कक्यूमध्ये रूपांतरित करण्याचा प्रस्ताव मांडला. वर्कक्यू म्हणजे शिल्लक कामांची यादी आणि ती उरकण्यासाठी कर्नलने राखलेले थ्रेड. इंगो मोल्नार यांनी 2002 मध्ये आणलेली ही सोय तेजून हिओ यांनी 2010 मध्ये सामायिक थ्रेडसंचाच्या रूपात नव्याने रचली. वर्कक्यूतील काम झोपू शकते, हा तिचा मोठा गुण. रोस्टेड यांचा प्रस्ताव तेव्हा स्वीकारला गेला नाही, आणि ‘सगळे थ्रेडवर’ या मताचे समर्थक त्याचे कारण सवयीचा आळस असे सांगतात. मात्र त्यानंतर जे घडले ते पाहिले तर आळसाचा आरोप टिकत नाही, कारण त्याच दिशेचे एक पाऊल कर्नलने पुढे खरोखरच टाकून पाहिले.

2016 मध्ये एरिक ड्युमाझे यांनी केलेला बदल, जो लिनक्सच्या 4.9 या आवृत्तीत आला, थोडक्यात असा होता: केसॉफ्टआयआरक्यूडी थ्रेड एकदा जागा झाला असेल तर इंटरप्टमधून परतताना सॉफ्टआयआरक्यूला हात लावायचा नाही, ते काम थ्रेडलाच करू द्यायचे. हेतू निर्दोष होता. पॅकेटांच्या पुरात वापरकर्त्याच्या प्रोग्रामला प्रोसेसरच मिळत नसे. आता शेड्युलर दोघांना वाटून देणार होता, आणि ज्या परिस्थितीसाठी हा बदल केला त्या परिस्थितीत त्याने कामही चोख केले. परंतु एका कोअरवरच्या सगळ्या सॉफ्टआयआरक्यूंसाठी थ्रेड एकच, आणि तो पॅकेटांमुळे जागा झाला की त्याच्याशी संबंध नसलेली कामेही त्याच्या मागे रांगेत उभी राहत. यूएसबीवरून दूरचित्रवाणीचा प्रवाह ग्रहण करणाऱ्या उपकरणांत त्यामुळे विदा गळू लागली, कारण यूएसबीची पूर्णतेची सूचना टास्कलेटमधून जात होती आणि सामान्य प्राधान्याच्या थ्रेडला पाळी मिळेपर्यंत पुढची खेप येऊन ठेपत होती. 2018 च्या जानेवारीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी टास्कलेटांना या नियमातून वगळले. 2023 मध्ये पाओलो अबेनी यांनी 2016 चा तो बदल मागेच घेतला. तोवर नापीचे काम स्वतंत्र थ्रेडमध्ये चालवण्याची सोय कर्नलमध्ये आलेली होती, पण ती ज्याला हवी त्याने निवडण्याची सोय होती, सर्वांवर लादलेला नियम नव्हे.

या सात वर्षांचा अर्थ काय लावायचा? थ्रेडवादी म्हणतील की अंमलबजावणी अर्धवट होती; प्रत्येक कामाला स्वतःचा थ्रेड आणि योग्य प्राधान्य दिले असते तर हे घडले नसते. पण योग्य प्राधान्य म्हणजे किती, हे ठरवणार कोण? यूएसबीच्या ड्रायव्हरला त्याच फोनमधल्या मोडेमची निकड ठाऊक नसते, मोडेमच्या ड्रायव्हरला आवाजाच्या उपकरणाची ठाऊक नसते, आणि शेड्युलरला या तिघांचीही ठाऊक नसते; त्याच्यासमोर फक्त आकडे येतात. प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या थ्रेडला मोठा आकडा द्यायला सुरुवात केली की निवाडा शेड्युलरकडे न जाता जो मोठ्याने ओरडेल त्याच्याकडे जातो. सॉफ्टआयआरक्यूचे प्रकार संकलनाच्या वेळीच ठरलेले आणि मोजके आहेत, 10 आहेत, आणि त्यांच्यात भर घालणे मुद्दाम अवघड ठेवले आहे. या ताठरपणावर टीका होते, पण मागणाऱ्यांची गर्दी रोखणारी तीच तर कुंपणाची तार आहे.

डिस्कच्या कूटलेखनाचा इतिहास याच मुद्द्याला दुसऱ्या बाजूने आधार देतो आणि तो थ्रेडवाद्यांना अधिक अडचणीचा आहे. लिनक्समधील डीएम-क्रिप्ट हा घटक डिस्कवर जाणारी विदा कूटबद्ध करतो. त्याने हे काम वर्षानुवर्षे इमानेइतबारे वर्कक्यूंवर सोपवले होते, म्हणजे वाचण्याची किंवा लिहिण्याची एकेक विनंती एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे जात होती. ज्या काळात डिस्कला एक विनंती पुरी करायला अनेक मिलिसेकंद लागत, त्या काळात हा फेरा कोणाच्या लक्षातही आला नसता. एसएसडीच्या काळात मात्र विदा मिळायला लागणाऱ्या वेळापेक्षा तिच्या कामाने रांगेत काढलेला वेळ जाणवू लागला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या अभियंत्यांनी 2020 मध्ये हे मोजून दाखवले आणि त्याच वर्षी 5.9 या आवृत्तीत वर्कक्यू टाळून काम जागीच उरकण्याचा पर्याय डीएम-क्रिप्टला मिळाला. म्हणजे येथे सुधारणा झाली ती थ्रेड वाढवून नव्हे, तर काढून. पुढची गंमत अशी की, काही विनंत्यांची पूर्तता इंटरप्टमध्ये होत असल्याने आणि तेथे कूटलेखन करणे उचित नसल्याने त्या कामासाठी टास्कलेट वापरला गेला, आणि 2024 मध्ये तो टास्कलेट वर सांगितलेल्या सापळ्यातच सापडला. दोन्ही पक्षांना या प्रकरणातून हवा तेवढा पुरावा मिळतो. प्रामाणिक वाचकाने मात्र दोन्ही अर्धे एकत्र वाचले पाहिजेत.

येथे पीआरईईएमपीटी-आरटी या प्रकल्पाचा दाखला हमखास दिला जातो. अनेक वर्षे मुख्य कर्नलबाहेर वाढलेला हा प्रकल्प 2024 मध्ये 6.12 या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आला, आणि त्यात इंटरप्टची हाताळणी बव्हंशी थ्रेडमध्ये चालते; मग थ्रेडवाद जिंकला असे का म्हणू नये? कारण तो प्रकल्प वेगळे वचन देतो. यंत्रमानवाचा हात किंवा ध्वनिमुद्रणाची यंत्रणा चालवणाऱ्याला सरासरी वेग थोडा घटला तरी चालतो, पण सर्वांत वाईट क्षणीसुद्धा उशीर एका मर्यादेपलीकडे गेलेला चालत नाही. ही हमी मिळवण्यासाठी सरासरीतला काही भाग खर्ची घालावा लागतो, आणि म्हणूनच ती अवस्था कर्नल बांधताना निवडायचा पर्याय म्हणून आली, सर्वांची मूळ अवस्था म्हणून नाही. शिवाय त्या अवस्थेतही सॉफ्टआयआरक्यू नाहीसे झालेले नाही. ते कोणत्या संदर्भात चालते एवढेच बदलले आहे. जेथे वचन वेगळे तेथे यंत्रणा वेगळी, हे मान्य करणाऱ्यांनीच हा प्रकल्प घडवला, आणि त्याचा दाखला एकच यंत्रणा सर्वांना पुरेल या मताच्या बाजूने दिला जावा हे चमत्कारिक आहे.

टायमरच्या बाबतीत तर ‘नेमक्या वेळी’ हा आग्रहच घातक ठरतो. टायमर म्हणजे ‘अमुक वेळाने अमुक काम कर’ ही कर्नलकडे दिलेली नोंद. अशा हजारो नोंदी क्रमवार लावून ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी घड्याळाच्या तबकडीसारख्या कप्प्यांत त्या टाकून देण्याची युक्ती, जिला टायमर व्हील म्हणतात, जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांनी 1987 मध्ये शोधनिबंधातून मांडली; यांपैकी वर्गीस हे पवईच्या आयआयटीचे 1981 चे पदवीधर. लिनक्समधील अशा टायमरांत फार मोठा वाटा असतो तो मुदतींचा. टीसीपीने पॅकेट पाठवले आणि पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवण्यासाठी लावलेला टायमर, ज्याची किमान मुदत लिनक्समध्ये 200 मिलिसेकंद आहे, पोच येताच रद्द होतो, आणि नेटवर्क धड असेल तर पोच बहुधा येतेच. जे काम बहुतेक वेळा करावेच लागणार नाही, त्याच्या वेळेचा मायक्रोसेकंदांपर्यंत हिशेब ठेवणे म्हणजे जमा न होणाऱ्या रकमेचे व्याज मोजणे होय. 2016 मध्ये थॉमस ग्लाइक्स्नर यांनी टायमर व्हीलची पुनर्रचना केली ती हे ओळखूनच: लांबच्या मुदतींचे कप्पे जाड ठेवायचे, मुदतीच्या साधारण आठव्या हिश्शापर्यंत उशीर चालवून घ्यायचा आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात नोंदी हलवत बसण्याचा खटाटोप बंद करायचा. ज्यांना काटेकोर वेळ लागते त्यांच्यासाठी उच्च अचूकतेचे टायमर 2006 पासून वेगळे आहेतच.

या ठिकाणी देवरीचा फोन पुन्हा विचारात घ्यावा लागतो, कारण ‘कोअर मुबलक आहेत, प्रत्येक कामाला थ्रेड द्या’ हा युक्तिवाद सर्व्हरच्या खोलीत, भिंतीतल्या विजेवर सुचलेला आहे. स्वस्तातल्या फोनमध्येही आता आठ कोअर असतात हे खरे, पण ते आठही जागे असावेत अशी कोणाचीच इच्छा नसते. ते बहुतांश वेळ झोपलेले असतात म्हणूनच बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते. देवरीहून चिचगड–ककोडीच्या बाजूला निघालेल्या प्रवाशाच्या खिशातील फोनला सिग्नल क्षीण झाला की पॅकेटे पुन्हा पाठवावी लागतात, रेडिओ अधिक शक्ती वापरतो, आणि तेव्हा प्रत्येक फुकटची जाग महाग पडते. कर्नलने याची व्यवस्था केली आहे ती काम आणखी पुढे ढकलून. निष्क्रिय कोअरवरची ठराविक ठोक्यांची टिकटिक थांबवण्याची सोय 2007 मध्ये आली. त्याच वर्षी असेही टायमर आले की जे केवळ स्वतःसाठी झोपलेल्या कोअरला उठवत नाहीत, तो दुसऱ्या कारणाने उठेल तेव्हा आपले काम उरकून घेतात. आणि 2013 मध्ये वर्कक्यूंना अशी खूण मिळाली की काम ज्या कोअरवर उद्भवले तेथेच ते करण्याचा हट्ट न धरता जागा असलेला कोअर त्यासाठी निवडावा. यातील शेवटची सोय वर्कक्यूची, म्हणजे थ्रेडांचीच आहे हे नोंदवणे न्यायाचे होईल. पण ती उपयोगी पडते ती कामाने स्वतःविषयी ‘माझी घाई नाही’ असे सांगितल्यामुळे, आणि हे सांगणे कामाच्या लेखकालाच जमते. शेड्युलर तर्क बांधू शकतो. तेवढ्यावर विसंबायचे तर टीसीपीची मुदत आणि फोनच्या तापमानाची तपासणी त्याला सारखीच दिसते.

या सगळ्या वादात 2024 च्या मे महिन्यात आलेल्या 6.9 या आवृत्तीतील एका भरीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तेजून हिओ यांनी वर्कक्यूलाच एक नवा प्रकार जोडला, ज्यात काम नोंदवण्याची पद्धत वर्कक्यूची, पण ते चालण्याची अवस्था सॉफ्टआयआरक्यूची: थ्रेड नाही, झोपण्याची मुभा नाही, पाळीची वाट पाहणे नाही. टास्कलेटमध्ये जो सापळा होता तो यात नाही, कारण वर्कक्यू कामाचे फलन सुरू होण्यापूर्वीच त्याच्या नोंदीवरचा आपला हक्क सोडते आणि फलनाने ती नोंद मोकळी केली तरी काही बिघडत नाही. ‘सगळे थ्रेडवर’ म्हणणाऱ्यांनी वर्कक्यूचा पुरस्कार ज्या गुणांसाठी केला, म्हणजे सुबक मांडणी, रद्द करण्याची खात्रीची रीत आणि काम संपेपर्यंत थांबण्याची सोय, ते सगळे गुण थ्रेडशिवाय मिळू शकतात हे या भरीने दाखवले. दोष टास्कलेटच्या बांधणीत होता, तो जेथे चालतो त्या अवस्थेत नव्हता. आणि ही दोन कारणे एकमेकांत मिसळल्यामुळेच 2007 पासूनची चर्चा इतकी लांबली. उरलेले टास्कलेट हलवणाऱ्याला आता प्रत्येक ड्रायव्हर उघडून त्याच्या फलनाला खरोखर झोपायचे आहे का, हे ओळीओळीने वाचावे लागते, आणि उत्तर नाही असे आले तर त्याला थ्रेड देण्याचे कारण उरत नाही.